गवळण मांजरीचा विमा

कराडात पाळीव प्राण्यांच्या विम्याचा हप्ता पाठांतरात भरतात, भरलेला पाठ भरणाऱ्याच्या स्मरणातून कायमचा वजा होतो, आणि यंदा चैत्रापासून या हप्त्याचे दर वाढले.

दरवाढीचे पत्र सोपानकाका थोरवडे यांच्या हाती पडले, तेव्हा त्यांची पूजा नुकतीच आटोपली होती. गंधाचे बोट पंचाला पुसून त्यांनी पाकीट फोडले. प्राणिमंगल विमा मंडळाच्या शाखाधिकाऱ्यांनी कळवले होते की, 'गवळण' या मार्जाराने वयाची बारा वर्षे पूर्ण केल्यामुळे तिचा समावेश ज्येष्ठ श्रेणीत करण्यात आला आहे. सबब यापुढे दरमहा पाच अभंगांऐवजी अकरा अभंग भरावेत. खाली शिक्का होता, आणि शिक्क्याखाली प्राण्यास दीर्घायुष्य चिंतिले होते.

गवळण त्या वेळी देव्हाऱ्यापुढच्या उन्हाच्या तुकड्यात झोपली होती. पांढरीशुभ्र अंगकांती, निळे डोळे, आणि जन्मापासून ठार बहिरी. दोन वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडे थकली. तेव्हापासून दर सोमवारी तिला सलाईन द्यावे लागे, आणि एक सोमवार चुकला तरी ती दुधावरून तोंड फिरवी. हा खर्च काकांच्या पाटबंधारे खात्यातल्या निवृत्तिवेतनात बसणारा नव्हता. विम्यात मात्र तो बसत होता.

"किती म्हणतायत?" परातीतल्या गव्हातले खडे वेचता वेचता अनसूयाकाकूंनी विचारले.

"अकरा."

"आणि तुमच्यापाशी उरलेत किती?"

काकांनी डोळे मिटून मनाशी उजळणी केली. "बारा."

"म्हणजे हा महिना निभला. पुढच्या महिन्याला एक."

"तो धरायचा नाही. तो वेगळा आहे."

काकूंनी मान वर केली नाही. पन्नास वर्षांच्या संसारात त्या बाराव्या अभंगाविषयी त्यांना एवढेच ठाऊक होते, की तो आहे. सासूबाईंनी काकांना तो लहानपणी कानात सांगितला होता. कोणत्याही गाथ्यात तो छापलेला नव्हता, आणि मोठ्याने म्हणायचाही नव्हता. शेवटच्या श्वासाला म्हणायचा, म्हणजे जीव वाट चुकत नाही, असे त्या माउलीचे सांगणे होते. काकांचे वडील गेले तेव्हा त्यांचे ओठ बराच वेळ हलत राहिले होते. भोवती जमलेल्यांना ती तहान वाटली. काकांना मात्र ते काय आहे हे कळले होते.

गावात ज्याच्याजवळ जे पाठ असेल ते तो भरी. हायस्कुलातल्या भूगोलाच्या मास्तरांनी आपल्या कुत्र्यापायी सगळ्या नद्या आणि त्यांची उगमस्थाने भरून टाकली होती आणि आता ते चित्रकला शिकवत. एका किराणा दुकानदाराने पोपटासाठी पाढे भरले. त्याच्या दुकानात मोजणी गिऱ्हाइकांनीच करावी, अशी पाटी होती. सोपानकाकांपाशी अभंग होते. विठ्ठलमंदिरातल्या भजनी मंडळाचे ते तीस वर्षे चालक. पाचशेच्या वर अभंग त्यांच्या जिभेवर होते, आणि विमा उतरवताना शाखाधिकाऱ्यांनी स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली होती.

पहिल्याच हप्त्याला त्यांच्या हातून एक चूक घडली होती. भजनात चालकाने ओळ म्हणायची आणि थांबायचे, मग टाळकऱ्यांनी ती उचलायची, असा रिवाज. काकांनी विमा मंडळाच्या खिडकीपुढच्या स्टुलावर बसून डोळे मिटले, दोन ओळी म्हटल्या आणि सवयीने थांबले. मागून कोणीच ती ओळ उचलली नाही. खिडकीतल्या लिगाडेबाईंना वाटले, पाठ संपला. त्यांनी शिक्का मारला. अर्धा अभंग वजा झाला आणि उरलेला अर्धा काकांपाशी राहिला, तो आगापीछा नसलेला अर्धा अभंग त्यांना महिनाभर फार अडचणीचा झाला. अखेर मंडळाने तो सुटा म्हणून जमा करून घेतला. त्या दिवसापासून काका ओळ म्हणून थांबले की लिगाडेबाई ती जाळीआडून म्हणत. पुढे रांगेतलेही म्हणू लागले. दर महिन्याच्या पाच तारखेला प्राणिमंगलच्या कार्यालयात चांगले भजन होई.

काका अभंग भजनाच्या क्रमानेच भरत. आधी मंगलाचरण, मग देवाच्या रूपाचे, मग गवळणी, मग उपदेशाचे. अभंगाच्या शेपटाला पुढचा अभंग बांधलेला असतो; मधलाच काढायला गेले तर त्यांना तो सापडत नसे. क्रमाने भरता भरता क्रमानेच मोकळे होत गेले. भजनाला ते अजूनही जात, पण आता वीणा दुसऱ्याच्या गळ्यात होती आणि काका मागच्या ओळीत टाळ धरून बसत. चाली त्यांच्यापाशी शाबूत होत्या, कारण मंडळ फक्त शब्द जमा करी.

"पाचशे अभंग खाल्ले मांजरीनं," पखवाज लावता लावता महादू पवार म्हणाले. "एखादा तरी म्हणते का?"

"बहिरी आहे ती, महादबा."

"मग बरंय. नाहीतर आमच्या चुका काढत बसली असती."

चैत्रातल्या पाच तारखेला काका खिडकीशी गेले. अकरा अभंग भरायला दुपार झाली. शेवटचा शिक्का पडल्यावर ते स्टुलावरून उठले नाहीत.

"काका, वाढ वरून आलीय," लिगाडेबाई म्हणाल्या. "माझ्या हातात नुसता शिक्का."

"तक्रार नाही माझी. एक विचारायचं होतं. हे जातात कुठं?"

"मुख्य कार्यालयात."

"आणि तिथून?"

"डॉक्टरांची बिलं येतात ना, त्यात. हप्ता पाठात घेतला तर दावाही पाठातच चुकता होणार. मंडळापाशी दुसरं आहे काय?"

आठ वर्षांत काकांना हा प्रश्न पडला नव्हता. पडला नव्हता याचेच त्यांना नवल वाटले. घरी येईपर्यंत ते त्याच विचारात होते, आणि पुढच्या सोमवारी गवळणीची टोपली मांडीवर घेऊन डॉक्टर फाळके यांच्या दवाखान्यात बसले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच डॉक्टरांच्या तोंडाकडे नीट लक्ष दिले.

डॉक्टर फाळके गवळणीच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सुई घालत होते आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते. डॉक्टर भाविक असावेत, असा काकांचा आजवर समज होता.

"डॉक्टर, हे कुठलं म्हणता?"

"तुमचंच असणार. मागच्या तिमाहीत आलंय." डॉक्टरांनी नळीची कळ सैल केली. "मी देवळात जात नाही, काका. देवळामागच्या गाईंना जातो. पण सुई घालताना हे म्हटलं की हात हलत नाही, म्हणून म्हणतो."

"सुरेख आहे."

"असेल. पहिलं वर्षभर तुमच्याकडून सगळे रूपाचेच आले. मी अडलेल्या म्हशीपुढे उभा, कोपरापर्यंत हात आत, आणि तोंडात देवाचा पीतांबर. म्हशीचा मालक हात जोडून उभा राहायचा. त्याला वाटायचं, उपचारातलाच भाग आहे."

डॉक्टर पुन्हा तो अभंग म्हणू लागले. काका लक्ष देऊन ऐकत होते. तो अभंग त्यांचा होता, तीस वर्षे त्यांनी तो म्हटला होता, आणि आता तो नव्या पाहुण्यासारखा दारात उभा होता. तिसऱ्या ओळीला यायच्या आत पहिली ओळ त्यांच्याकडून निसटली. भरलेला पाठ पुन्हा पाठ होत नाही, हे पत्रकातच लिहिलेले होते.

"मग पुढं काय करता यांचं?"

"सलाईनवाल्याला देतो. कोल्हापूरचा एजंट येतो बुधवारी. दिले की माझ्याकडूनही गेले."

कोपऱ्यात पट्ट्या कापत बसलेल्या रशीदभाई कंपाउंडरांनी मान वळवली. "मला दिवाळीला दोन गवळणी दिल्या डॉक्टरांनी. घरी पोरी हसतात, अब्बा काय म्हणताय हे म्हणून. एक मोडली, बायकोच्या चष्म्याला. दुसरी नाही देणार कुणाला."

"म्हणून दाखवता?"

रशीदभाईंनी कात्री खाली ठेवली आणि म्हटली. चाल चुकीची होती. काकांनी बोटांनी टाळ धरून ती हळूच सरळ करून दिली, आणि रशीदभाईंनी दुसऱ्यांदा ती बरोबर म्हटली.

महिना संपला. वैशाखातल्या पाच तारखेला काका खिडकीशी गेले ते आपल्यापाशी भरण्याजोगे काही नाही, हे सांगायला. लिगाडेबाईंनी पॉलिसीची प्रत काढली आणि कलम चौदावर बोट ठेवले.

"हे सांगणं माझं कर्तव्य आहे. ग्राहकानं आपला अखेरचा पाठ भरला, तर संरक्षण त्या प्राण्याच्या हयातभर चालू राहतं. पुढं हप्ता नाही."

"अखेरचा म्हणजे?"

"त्यानंतर तुमच्यापाशी काही उरता कामा नये. तसं लिहून द्यावं लागतं. मागं एका वकिलांनी अखेरचा म्हणून भरला आणि घरी जाऊन आरती म्हटली. त्यांच्या कासवाची पॉलिसी रद्द झाली."

"आरती मी पहिल्याच वर्षी भरलीय. आणि नाही भरला तर?"

"दहा तारखेला बंद. मग पुन्हा सुरू नाही होत. ज्येष्ठ श्रेणीत नव्यानं घेत नाहीत."

काका विचार करतो म्हणून घरी आले. मधला सोमवार गेला. हप्ता थकल्यामुळे डॉक्टरांना सलाईन लावता आले नाही. त्यांनी नुसते पोट दाबून पाहिले आणि टोपलीचे झाकण स्वतः लावून दिले. मंगळवारी गवळणीने दूध हुंगले आणि वाटीकडे पाठ करून बसली. बुधवारी ती उन्हाच्या तुकड्यापर्यंत आली नाही. ऊन सरकत सरकत भिंतीला गेले.

दुपारी काकू तिच्याजवळ बसून कापसाच्या बोळ्याने तिच्या तोंडात पाणी पिळत होत्या.

"मला विचाराल तर देऊ नका," त्या म्हणाल्या. "मांजर बारा वर्षांचं झालं. त्यांचं आयुष्य तेवढंच."

"बोळा कशाला पिळतेस मग?"

"तहान लागलीय तिला, म्हणून." काकूंनी बोळा पुन्हा भिजवला. "तिच्यासाठी सगळं दिलंत, एक शब्द तिच्या कानात गेला नाही. हाही द्याल, तिला कळणार नाही. आणि तुमची वेळ आली की काय म्हणाल?"

"नाव घेईन."

"नाव सगळेच घेतात. सासूबाईंनी तुम्हाला वेगळं काही दिलं होतं."

आईने जिवाची वाट सांगितली होती. कोणाच्या जिवाची, हे सांगितले होते का, ते त्यांना आठवेना. अभंग नीट आठवत होता. सांगताना ती एवढेच म्हणाली होती, की जीव चुकत नाही. गवळणीच्या बरगड्या हलत होत्या. तोही जीवच होता आणि तो या घडीला वाट शोधत होता.

"मी पाठ केला त्याला सत्तर वर्षं झाली, अनसूये," ते म्हणाले. "एकदाही उपयोगात आणला नाही. कसा लागू पडतो तेही पाहिलेलं नाही."

"पाहायला गेलात की तो उरायचा नाही."

"ते आहेच."

काकूंनी बोळा वाटीत टाकला. "टोपी घालून जा. ऊन आहे बाहेर."

खिडकीपुढे रांगेत तिघे होते. काका स्टुलावर बसले तसे सवयीने तिघेही सरसावले. काकांनी मागे वळून हात जोडले. "आज मागून उचलू नका. हा एकट्यानं म्हणायचा आहे." लिगाडेबाईंनी जाळीचे दार अर्धे ओढून घेतले आणि कान जवळ आणला. काकांनी तो अभंग आयुष्यात पहिल्यांदा आवाजात म्हटला. आवाज त्यांना ओळखीचा वाटला नाही. चार कडव्यांचा होता. मध्ये ते कोठेही थांबले नाहीत. शिक्का पडला.

"झालं?"

"झालं, काका."

"कसा होता?"

"मला राहत नाही लक्षात. नेमणुकीच्या अटीतच आहे ते." लिगाडेबाईंनी कागद उजेडात धरून पाहिला. "शिक्का पुसट आलाय माझ्या हातून. पुन्हा मारते."

पुन्हा मारला. काकांनी उरलेले काही नाही असे लिहून सही केली. बाहेर पायरीवर येऊन त्यांनी जरा चाचपून पाहिले. आईने कानाशी तोंड आणले होते, तिच्या तोंडाला विड्याचा वास होता, आणि तिचा श्वास कानाच्या पाळीला लागला होता. एवढे सगळे जागच्या जागी होते. शब्द तेवढे नव्हते. ते तसेच उभे राहिले आणि पुन्हा एकदा चाचपले, कारण असे काही त्यांनी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

त्याच संध्याकाळी गवळणीला सलाईन लागले. शनिवारी तिने दूध घेतले. मंडळाचा हिशेब तिमाहीने होई. तो झाल्यावरच्या सोमवारी काका आणि काकू दोघेही दवाखान्यात गेले. काकू एरवी येत नसत. त्या दिवशी त्यांनी काही कारण सांगितले नाही, फक्त चपला घातल्या.

डॉक्टर फाळके यांनी सुई हातात घेतली, आणि मग एक गोष्ट केली जी काकांनी तोवर पाहिली नव्हती. ते वाकले, गवळणीच्या कानाशी तोंड नेले आणि काहीतरी इतक्या हळू म्हणाले, की ऐकू कोणालाच आले नाही. गवळणीने कान हलवला. श्वास लागला असावा. मग डॉक्टरांनी सुई घातली.

"हा नवा आलाय," ते सरळ होत म्हणाले. "मोठ्यानं म्हणवत नाही. का, ते मला विचारू नका. परवा एका म्हाताऱ्या बैलाच्या कानात म्हटला. बैल निवांत गेला. मी इतक्या वर्षांत तसा गेलेला पाहिला नाही."

काका टेबलाच्या कडेला हात ठेवून उभे होते. "डॉक्टर, हा पुढं देऊ नका."

"बुधवारी एजंट येतोय. त्याला सलाईनच्या खोक्याचे द्यायचेत."

"दुसरे द्या."

डॉक्टरांनी काकूंकडे पाहिले. काकू भिंतीवरच्या गाईच्या पोटाच्या तक्त्याकडे पाहत होत्या.

"बरं," डॉक्टर म्हणाले. "दोन उपदेशाचे देतो त्याच्याऐवजी. तसंही ते मला फारसे लागू पडत नाहीत. हा राहील माझ्याकडे."

"आणि माझी वेळ आली की घरी या. कानात सांगा. मला तो नवाच वाटेल, पण हरकत नाही."

"काका, मी माणसांकडे जाऊ शकत नाही. परवाना नाही तसा. घरी जाऊन तपासायचं, तर दवाखान्यात नोंद झालेला प्राणी लागतो."

"मग नोंद करा."

डॉक्टरांनी थोडा विचार केला. नियमात आडवे येणारे काही त्यांना सापडले नाही. त्यांनी मान हलवली, आणि रशीदभाईंनी मोठी वही काढून नवे पान उघडले.

"नाव?"

"सोपान थोरवडे."

"वय?"

"शहात्तर."

"प्रकार?" रशीदभाईंनी डॉक्टरांकडे पाहिले.

"पाळीव लिही."

"लशी?"

"देवीची टोचलेली आहे," काका म्हणाले आणि दंडावरचा वण दाखवला.

"चावतो का?"

"दात नाहीत," काकू म्हणाल्या.

रशीदभाईंनी ते लिहिले. "मालकाचं नाव?"

काकांनी हात जोडले. या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी आयुष्यभर तयार होते आणि ते पाठांतरात मोडत नसल्यामुळे कोणी जमाही करून घेतले नव्हते. ते उच्चारण्यासाठी त्यांनी ओठ उघडले, तोच काकू टेबलाशी आल्या.

"माझं लिहा. अनसूया सोपान थोरवडे. बोलावणं मीच पाठवणार आहे. पत्ता मांजरीचा आहे तोच."

काकांनी जोडलेले हात तसेच ठेवले आणि काही हरकत घेतली नाही. रशीदभाईंनी नाव लिहिले, पत्त्याच्या जागी 'मांजरीप्रमाणे' असे घातले आणि शाई वाळू दिली. सलाईनची बाटली संपली होती. त्यांनी गवळणीचे वजन घेतले, तिला काट्यावरून उचलून काकूंच्या हाती दिले, काटा शून्यावर येईपर्यंत थांबले, आणि काकांना चपला काढून वर चढायला सांगितले.